संत थॉमस (थोमा)

संत थॉमस म्हणजे मराठी बायबलमधला थोमा. येशूच्या १२ प्रेषितांपैकी हा एक, आणि भारतातल्या ख्रिस्ती लोकांना सगळ्यात जवळचा, कारण तो इथे आला आणि इथेच मारला गेला असं केरळ-तमिळनाडूतली परंपरा सांगते. थोमा या अरामी शब्दाचा अर्थ जुळा, त्याचं ग्रीक नाव दिदुम, त्याचाही अर्थ तोच. केरळात त्याला मार थोमा (मार म्हणजे सिरियाकमध्ये स्वामी) म्हणतात आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा समाज म्हणजे नस्राणी किंवा सेंट थॉमस ख्रिश्चन.

जगभर याला 'संशयी थॉमस' हे नाव चिकटलंय, आणि मला ते फार अन्यायाचं वाटतं. योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं तर येशू मेलेल्या मित्रासाठी, लाजरससाठी, यहूदियात परत जायला निघतो तेव्हा तिथे दगडमाराची भीती असते, बाकीचे शिष्य त्याला अडवतात, आणि थोमाच म्हणतो की चला, आपणपण जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू. पुढे पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना दिसला तेव्हा हा नेमका तिथे नव्हता, आणि खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही असं तो म्हणाला, म्हणजे बाकीच्यांना जे बघायला मिळालं होतं तेच त्याला हवं होतं. ८ दिवसांनी येशू पुन्हा आला, म्हणाला घाल बोट, आणि थोमाच्या तोंडून निघालं, माझा प्रभू, माझा देव! त्याने खरंच हात लावला असं योहान कुठेच लिहीत नाही. काराव्हाज्योच्या प्रसिद्ध चित्रात त्याचं बोट जखमेत शिरलेलं दिसतं, म्हणून सगळ्यांना तसंच घडलं असं वाटतं.

त्यानंतरच्या आयुष्याची मोठी कथा तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिलेल्या 'थॉमसची कृत्ये' या ग्रंथात येते. त्यात थॉमस भारतात जायला तयार नसतो, मग येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो. राजा गोंडोफरेस त्याला राजवाडा बांधायला पैसे देतो, हा सगळे गरिबांना वाटून टाकतो आणि विचारल्यावर सांगतो की वाडा स्वर्गात बांधलाय. राजा त्याला तुरुंगात टाकतो, तेवढ्यात राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो वाडा बघतो आणि परत जिवंत होऊन सांगतो. यामुळेच थॉमस बांधकाम करणाऱ्यांचा आणि वास्तुविशारदांचा आश्रयदाता संत झाला, चित्रांत त्याच्या हातात गुण्या आणि भाला असतो. बरीच वर्षं गोंडोफरेस हा काल्पनिकच राजा समजत होते, पण १९व्या शतकात वायव्य भारत आणि अफगाणिस्तानात त्याची नाणी सापडली आणि पेशावरजवळच्या तख्त-ए-बाहीच्या शिलालेखावरून तो पहिल्या शतकातलाच ठरला. त्याने थॉमस तिथे गेलाच होता हे सिद्ध होत नाही, पण कथा लिहिणाऱ्याला तो राजा माहीत होता एवढं नक्की.

केरळची परंपरा वेगळी आहे. तिच्यानुसार तो इ.स. ५२ मध्ये मुझिरिस बंदराजवळ, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरच्या भागात उतरला आणि त्याने साडेसात चर्च स्थापन केले, त्यातलं 'अर्धं' कन्याकुमारी जिल्ह्यातलं तिरुविदांकोड. मार्गमकळी या नाचात १२ जण पेटत्या निलविळक्काभोवती, म्हणजे उभ्या समईभोवती, फिरत त्याचीच कथा गातात, दिवा म्हणजे ख्रिस्त आणि नाचणारे म्हणजे प्रेषित. मलयाट्टूरच्या डोंगरावर ईस्टरनंतरच्या रविवारी मोठी जत्रा भरते, लोक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन 'पोन्निन कुरिशु मुत्तप्पो' (सोन्याच्या क्रुसाच्या आजोबा) असा गजर करत चढतात, ज्याने आपली वारी बघितलीय त्याला हा गजर लगेच ओळखीचा वाटेल.

या लोकांची त्याच्यावरची निष्ठा किती होती ते १६५३ मध्ये दिसलं. पोर्तुगीज पाद्र्यांच्या दडपणाला कंटाळून हजारो नस्राणी कोचीतल्या मट्टांचेरीला जमले, शपथ घ्यायची तर क्रुसाला हात लावायला हवा आणि गर्दी एवढी की सगळ्यांचा हात पोचेना, म्हणून क्रुसाला दोर बांधले आणि लोकांनी ते दोर धरून शपथ घेतली. ओढीने क्रूस वाकला अशी आठवण सांगतात, त्यावरूनच कूनन कुरिशु, म्हणजे वाकलेला क्रूस, हे नाव पडलं.

परंपरेप्रमाणे त्याचा मृत्यू इ.स. ७२ मध्ये चेन्नईजवळच्या परंगीमलै टेकडीवर भाल्याने झाला आणि दफन मैलापूरला. मार्को पोलो लिहितो की यात्रेकरू तिथली माती घरी नेतात आणि पाण्यात मिसळून आजाऱ्याला पाजतात. कबरीवर आज सँथोम बॅसिलिका आहे, सध्याची पांढरी इमारत १८९६ मध्ये पूर्ण झाली. अस्थी मात्र फार पूर्वीच एडेसाला (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) गेल्या, तिथून किऑस बेटावर आणि १२५८ मध्ये इटलीतल्या ओर्तोनाला. त्यातलं हाताचं एक हाड १९५३ मध्ये कोडुंगल्लूरला परत आणलं. सण ३ जुलैला असतो, रोमन कॅलेंडरमध्ये १९६९ पर्यंत तो २१ डिसेंबरला होता.

महाराष्ट्राशीही नातं आहे. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो आणि बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच मानतात. केरळच्या थॉमस ख्रिश्चनांपैकी कॅथलिकांच्या सीरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये सुरू झाला. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासून उभं आहे, किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचे तो चर्चगेट, आणि तेच नाव आज लोकलच्या शेवटच्या स्टेशनला आहे.