रानातला मध नेमका कुठल्या फुलांचा?

‘शंभर टक्के जांभळाचा रानमध’ असं लेबल दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हे मोजलं कुणी? मोजता येतं, कारण मकरंदाबरोबर परागकणही मधात उतरतात.

10 ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवला की तळाशी गाळ बसतो. तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. परागकणाचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि भलतंच चिवट. गंधकाम्ल मिसळलेल्या गरम द्रावणात आतला जीवद्रव्याचा भाग नाहीसा होतो, कवच शाबूत राहतं, उलट त्यावरची नक्षी अधिक उठून दिसते. सूर्यफुलाचा कण काटेरी. गवताचा गोल, एकाच छिद्राचा. जांभळाचा त्रिकोणी आणि चिमुकला, पण निलगिरी त्याच कुळातली, तिचाही कण त्रिकोणीच! अशा वेळी कुळाचं नाव लिहून थांबण्यात काही कमीपणा नाही.

मग कण मोजायचे, निदान 300. एकाच वनस्पतीचे 45 टक्क्यांहून जास्त भरले तर ते ‘प्रधान’ पराग. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण परागांची टक्केवारी म्हणजे मकरंदाची टक्केवारी नव्हे. फर्गेट-मी-नॉट या फुलाचे बारीक कण मधात ढिगाने सापडतात, मकरंद मात्र थोडाच असू शकतो. उलट संत्र्या-लिंबाच्या मधात त्यांचे कण 10-20 टक्के असले तरी तो त्यांचा मध म्हणायला पुरे.

शिवाय माशी स्वतःच गाळणी घेऊन फिरते. तिच्या मधपिशवीच्या तोंडाशी, आतड्याकडे उघडणारी एक झडप असते. तिला चार ओठ आणि त्यांवर केस. ही झडप उघडमीट करत मकरंदातले कण वेचून आतड्यात ढकलते, गोड रस मात्र पिशवीतच राहतो. मोठे कण लवकर वेचले जातात, बारीक निसटतात. फूल पोळ्यापासून दूर असेल तर झडपेला वेळ जास्त मिळतो. म्हणजे दूरच्या झाडाचा मध असूनही त्याची नोंद फिकी पडू शकते.

आग्या माशीच्या पोळ्याची भानगड वेगळी. पोळं पिळून मध काढला की पिलांसाठी साठवलेला परागही त्यात मिसळतो. माशा मक्यावरूनही पराग आणतात, पण मक्याच्या तुऱ्यात मकरंद नसतोच! त्यामुळे पिळलेल्या मधात मका भरपूर दिसला तरी त्यातला एक थेंबही मक्याचा नसतो. नमुना घेताना फांदीलगतचा, मेणाने बंद केलेला मधाचाच भाग कापून घ्यावा.

मधात बुडवलेली काडी पेटली की मध अस्सल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्यातून कळलंच तर ओलावा कळतो, आणि साखरेचा घट्ट पाकही कमी ओलाव्याचा असू शकतो. तसं पाहिलं तर परागकणही भेसळ पकडत नाहीत, पाक ओतला तरी ते जागेवरच असतात. ऊस-मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंवरून) ओळखू येते, तांदळाचा पाक मात्र त्या चाचणीला सहज चकवतो.