फोटो किती केबीचा आणि कुणाचा? फॅशन संकेतस्थळांची पहिली वर्षे

पॅरिसच्या रॅम्पवर मार्चमध्ये दिसणारे कपडे येत्या हिवाळ्याचे असतात. दुकानात ते ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. मधल्या काळात दुकानदार मागणी नोंदवतात, कारखान्यात कापड कापले जाते, मासिकांचे अंक तयार होतात. शोचे फोटो कुणी काढायचे आणि कुठे छापायचे, यावर फॅशन हाउस व त्यांच्या संघटनांचा ताबा असे. नक्कल करणाऱ्याला उशिरा कळावे, हा त्यातला मोठा हेतू. हा ताबा पहिल्यांदा सैल झाला तो १९९५ पासून, जेव्हा फर्स्टव्ह्यू हे संकेतस्थळ रॅम्पचे फोटो थेट इंटरनेटवर टाकू लागले.

काम किचकट होते. फोटो फिल्मवर काढायचे, रोल धुवायचा, निवडक फोटो स्कॅन करायचे, मग आकार कमी करून चढवायचे. एका शोमध्ये साठ पेहराव धरले आणि प्रत्येक फोटो ३० केबीचा (किलोबाइटचा) ठेवला, तरी सगळे मिळून १८०० केबी होतात. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या २८.८ केबीपीएसच्या (सेकंदाला २८.८ किलोबिट; आठ बिटांचा एक बाइट) मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३ केबी उतरत, म्हणजे अख्खा शो पाहायला दहा मिनिटे. म्हणून आधी बोटभर चित्रांचे पान द्यायचे आणि हवे त्यावरच टिचकी मारू द्यायची, ही पद्धत रुळली. रंगांचे दुखणे वेगळे. बऱ्याच संगणकांवर एका वेळी २५६ रंगच दिसत आणि त्यातले सगळीकडे सारखे दिसण्याची खात्री फक्त २१६ रंगांची. बदामी छटेवर ठिपके उठत, गडद निळा काळाच वाटे. नुसते बघणाऱ्याचे यात काही बिघडत नव्हते. विकणाऱ्याकडे मात्र रंग वेगळा निघाला म्हणून कपडे परत येत.

(भारतात विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांना खुले केले खरे, पण विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर फक्त मजकूर दिसे. तिथे फॅशनचे पान उघडून उपयोग काय?)

१९९८ मध्ये हेल्मुट लांग या डिझायनरने नेहमीचा शो न करता आपले कपडे सीडी-रॉमवर आणि इंटरनेटवर दाखवले. फेब्रुवारी १९९९ मध्ये व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्या अमेरिकी कंपनीने त्याच्या उलट, रॅम्पवरचा शो कायम ठेवून केले. सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात देऊन शो इंटरनेटवर थेट दाखवला. लाखो लोक एकाच वेळी आले, सर्व्हर कोलमडले. ज्यांना चित्र मिळाले त्यांना ते टपाल तिकिटाएवढे दिसले.

विक्रीतला सगळ्यात महागडा धडा बू डॉट कॉमचा. एर्न्स्ट माल्मस्टेन, कायसा लिएंडर आणि पॅट्रिक हेडेलिन या स्वीडिश मंडळींनी लंडनमध्ये उभारलेले हे दुकान मे १९९९ मध्ये उघडायचे होते, उघडले ३ नोव्हेंबरला. एकाच दिवशी अठरा देशांत, वेगवेगळ्या भाषा आणि चलनांत. कपडा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येई, मिस बू नावाची कार्टून विक्रेती सल्ला द्यायची, आणि हे सगळे जावास्क्रिप्ट व फ्लॅश या पानात हालचाल आणणाऱ्या तंत्रांवर चाले. ५६ केच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम ५ केबी येत असताना ३०० केबीच्या पानालाही मिनिट लागते. इथे तर गिऱ्हाईक मिनिटेच्या मिनिटे वाट पाहत बसे. सुरुवातीला ॲपलच्या मॅक संगणकांवर ते चालतही नव्हते. पाठवणे फुकट, परत घेणेही फुकट, त्यामुळे प्रत्येक परतीचा खर्च कंपनीच्या गळ्यात. हलकी आवृत्ती काढली, पण उशिरा. सुमारे १३.५ कोटी डॉलर संपवून मे २००० मध्ये कंपनी बुडाली. तंत्रज्ञान सुमारे अडीच लाख पौंडांना विकले गेले. दोष कल्पनेचा नव्हता. पुढे तेच सगळे इतरांनी केले, फक्त घराघरांत ब्रॉडबँड आल्यावर.

पुढच्याच महिन्यात, जून २००० मध्ये, नताली मासने यांचे नेट-अ-पोर्टे लंडनमध्येच सुरू झाले. मासने फॅशन पत्रकारितेतून आलेल्या. पाने मासिकासारखी, फोटो स्थिर, आणि खर्च डोळ्यांत भरेल तिथे, म्हणजे रिबीन बांधलेल्या काळ्या खोक्यावर. हे शहाणपणाचे होते.

मालकीचा वाद मात्र मिटला नाही. फ्रेंच कायदा कपड्याच्या रचनेला स्वामित्वहक्क देतो, अमेरिकी कायदा साधारणपणे देत नाही. त्यामुळे फर्स्टव्ह्यू चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्ह्यूफाइंडर कंपनीविरुद्ध फॅशन हाउसना २००१ मध्ये पॅरिसला मिळालेला निकाल अमेरिकेत बजावताना वर्षानुवर्षे कज्जा चालला. मार्च २००३ मधल्या पॅरिस शोंच्या फोटोंवरून तीन छायाचित्रकारांना फ्रान्समध्ये ३,००० ते ८,००० युरो दंड आणि एकूण २,५५,००० युरो भरपाई झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये त्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे म्हणणे फेटाळले. तोवर डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनने ऑक्टोबर २००९ मधला पॅरिसचा शो शोस्टुडिओ या संकेतस्थळावरून स्वतःच थेट दाखवला होता. गर्दीने तेही संकेतस्थळ बसले.