लाइन फॉलोअर गाडी

जमिनीवरची रेषा हुडकत तिच्यावरून आपोआप धावणारी छोटी मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) गाडी. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली की तिचा ट्रॅक तयार होतो.

सांगाडा साधा असतो: दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअर असलेल्या छोट्या मोटर), पुढे सगळीकडे फिरणारे कॅस्टर चाक, मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल) आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणून बहुधा आर्डुइनो ऊनो. हे सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे दोन सेलच्या ७.४ व्होल्टमधले जेमतेम साडेपाच मोटरपर्यंत पोचतात.

गाडीचा जीव सेन्सरमध्ये असतो. टीसीआरटी५००० या सेन्सरमधला एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश खाली सोडतो. पांढरा फ्लेक्स तो परत फेकतो, काळी टेप शोषून घेते, आणि शेजारचा फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा भाग) हा फरक टिपतो. सेन्सर जमिनीपासून काही मिलिमीटरवरच हवा. उन्हातही अवरक्त किरण असतात, म्हणून ट्यूबलाइटखाली शहाण्यासारखी चालणारी गाडी खिडकीतल्या कवडशात शिरताच भरकटते. त्यामुळे काळ्या-पांढऱ्याची सीमा ठरवणारा आकडा कोडमध्ये कायमचा लिहून ठेवणे चूक. सुरुवातीला गाडी रेषेवर डावी-उजवी फिरवावी, प्रत्येक सेन्सरचे कमाल-किमान मूल्य घ्यावे आणि त्यांच्या मधला आकडा धरावा. आर्डुइनोवर ही मूल्ये ० ते १०२३ मध्ये येतात.

दोन सेन्सरवरही गाडी चालते, पण झोकांड्या खात. पाच सेन्सर लावले तर त्यांना डावीकडून −२, −१, ०, १, २ असे भार देता येतात. समजा, रेषा चौथ्या-पाचव्याखाली आहे. त्यांच्या भारांची सरासरी १.५, हीच गाडीची चूक, म्हणजे गाडी डावीकडे सरकली आहे. या चुकीला गुणायचा आकडा, म्हणजे गुणक, ३० धरला तर दुरुस्ती ४५ होते. मूळ वेग (० ते २५५ च्या मापात) १२० असेल तर डाव्या मोटरला १६५ आणि उजव्या मोटरला ७५ द्यायचे. गाडी अलगद उजवीकडे वळते. गुणक वाढवत नेला की ती पुन्हा झुलू लागते. त्यावर उतारा म्हणजे आधीच्या आणि आताच्या चुकीतला फरकही हिशेबात धरणे. चूक तीन प्रकारे सुधारण्याच्या पीआयडी या पद्धतीपैकी पी (आताची चूक) आणि डी (चुकीतला फरक) एवढ्यावर बहुतेक ट्रॅक निभावतात.

काटकोनी वळणावर पाचही सेन्सर पांढऱ्यावर येतात. नवख्यांचे कोड इथे शून्य चूक मानते आणि गाडी सरळ ट्रॅकबाहेर जाते. रेषा शेवटची कोणत्या बाजूला दिसली ते एका व्हेरिएबलमध्ये जपावे, आणि ती पुन्हा सापडेपर्यंत त्याच बाजूला वळत राहावे.