उत्सव व ध्वनिक्षेपक वाद (ठाणे)

उत्सव व ध्वनिक्षेपक वाद : धार्मिक उत्सव, प्रार्थना व मिरवणुका यांतील ध्वनिक्षेपकांवर बंधन असावे का, असल्यास ते कोणी आणि कशाच्या आधारे घालावे, यावर ठाणे शहरात व जिल्ह्यात चालत आलेली सार्वजनिक आणि न्यायालयीन चर्चा. बोलण्यात तिला ‘भोंग्यांचा वाद’ किंवा ‘डीजेचा वाद’ म्हणतात. धर्म पाळण्याचा हक्क, आपले म्हणणे मोठ्याने मांडण्याचा हक्क, आजाऱ्याचा विश्रांतीचा हक्क आणि रस्त्यावरून चालण्याचा साधा हक्क हे चारही एकाच रात्री, एकाच गल्लीत समोरासमोर येतात, म्हणून उदारमतवादी समाजाचा अभ्यास करणाऱ्याला हा वाद टाळून पुढे जाता येत नाही. यातला सर्वांत दुर्लक्षित पक्ष म्हणजे कोणाच्याही देवाबद्दल तक्रार नसलेला आणि फक्त झोप हवी असलेला माणूस.

टेंभी नाक्यावर उभे राहिले की वाद डोळ्यांसमोर मांडल्यासारखा दिसतो. नवरात्रात इथे देवीची मोठी प्रतिष्ठापना होते, गोपाळकाल्याला हंडी लागते. दोन्ही उत्सव आनंद दिघे यांच्या काळापासून शहराच्या राजकारणाशी जोडलेले आहेत. जवळच बेने इस्रायली या ज्यू समाजाचे १८७९ सालचे ‘शआर हाशामायिम’ सिनेगॉग आहे. तिथे शब्बाथची हिब्रू प्रार्थना म्हणणारे घरी मराठी बोलतात. मासुंदा तलावाकडे गेले की एका अंगाला कोपिनेश्वराचे देऊळ, दुसऱ्या अंगाला जुने चर्च. आणि जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय, ज्याला सारे ठाणेकर नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात, पिढ्यानपिढ्या याच परिसरात ओळखले गेले. देवीची आरती, शब्बाथची प्रार्थना आणि बाळंतिणीचा वॉर्ड हाकेच्या अंतरात असतील, तर ‘माझा हक्क’ हा शब्द एकट्याने उच्चारता येत नाही.

पूर्वपीठिका : वाद ध्वनिक्षेपकापेक्षा जुना आहे. मशिदीवरून वाजतगाजत जाणारी मिरवणूक हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई इलाख्यातील कलहाचा नेहमीचा विषय होता. इंग्रज सरकारने तो सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून हाताळला, म्हणजे ज्या बाजूने गडबड होण्याचा धाक जास्त तिकडे झुकते माप दिले. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२४ मध्ये एका निकालात सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क मान्य केला. मात्र तो दंडाधिकाऱ्याच्या आदेशाला आणि इतरांच्या रस्ता वापरण्याला धक्का न लावता वापरायचा होता. ते प्रकरण हिंदू आणि मुसलमान यांच्यातले नव्हते, शिया आणि सुन्नी यांच्यातले होते. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने पुढे हीच गोष्ट स्वच्छ शब्दांत बांधली. धर्मस्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. यातील ‘आरोग्य’ हा शब्द वादविवादात क्वचितच उच्चारला जातो, आणि ठाण्याच्या संदर्भात तोच सर्वांत उपयोगी ठरला आहे.

भिवंडी : ठाणे जिल्ह्याला या प्रश्नाची किंमत आधीच मोजावी लागली होती. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि ती जळगाव व महाडपर्यंत पोचली. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. मिरवणुकीआधी मार्ग कोणता, घोषणा कोणत्या, गुलाल कुठे उधळायचा यांवर बैठका झाल्या होत्या. बोलणी झाली होती, तरी माणसे मेली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी बसतात. खोपडे यांनी गल्लीतले यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले अशी दोन्ही समाजांची साधी माणसे एकत्र बसवली आणि त्यांना नळ, गटार, भाडे अशा रोजच्या भांडणांवर बोलायला लावले. मशिदीचा आणि मिरवणुकीचा विषय निघेपर्यंत माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागलेली असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हक्कांच्या चर्चेवर लिहिणारे सहसा न्यायालयापासून सुरुवात करतात. या जिल्ह्यात ती भिवंडीच्या मोहल्ला कमिटीच्या सतरंजीपासून करणे जास्त खरे आहे.

कायदा व मोजमाप : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरले गेले. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधील एका चर्चच्या प्रकरणात, दुसऱ्यांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे म्हटले. २००५ च्या सविस्तर निकालामागची एक याचिका दिल्लीतील घटनेवरून दाखल झाली होती: १३ वर्षांच्या मुलीवर बलात्कार होत असताना मदतीसाठीच्या तिच्या किंकाळ्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात बुडाल्या, आणि तिने नंतर स्वतःला जाळून घेतले. आवाजाने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्याने ही याचिका लक्षात ठेवावी.

डेसिबलचा आकडा फूटपट्टीसारखा वाढत नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, वीसची म्हणजे शंभरपट. ५५ ची मर्यादा असलेल्या गल्लीत यंत्र ७५ दाखवते तेव्हा ‘थोडा वाढलाय’ हे म्हणणे शंभरपटीला थोडे म्हणणे होय. आणखी एक खाच आहे. मोजणी ज्या ‘ए’ मापनाने होते, ते मानवी कानाच्या सवयीप्रमाणे खर्जातल्या आवाजाला कमी वजन देते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला डीजेचे गाणे ऐकूही येत नसते. खिडकीचे तावदान मात्र थरथरते, फडताळातली भांडी वाजतात आणि छातीत ठोके बसतात. पोलिसाच्या हातातल्या यंत्रावर त्या खर्जाचा फारच थोडा अंश उमटतो. आकडा आणि अंगाला बसणारा हादरा यांतली ही तफावत नियमांत अजून धरलेली नाही, आणि निम्मी भांडणे त्यातूनच होतात.

ठाण्याची याचिका : ठाण्यातील डॉक्टर महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यासोबत इतर याचिकाही ऐकल्या गेल्या. त्यांत नवी मुंबईतील मशिदींवरील विनापरवाना भोंग्यांविषयीची एक होती. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ओक यांची वकिलीची सुरुवात ठाणे जिल्हा न्यायालयातली. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, त्यामुळे त्याला अनुच्छेद २५ चे संरक्षण नाही, असे खंडपीठाने ठरवले. रस्ते आणि पदपथ अडवणाऱ्या मंडपांनाही याच निकालात आवर घातला गेला. पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत आणि तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असेही निर्देश होते. हा शेवटचा निर्देश छोटा वाटतो, पण ज्याने कधी आपल्याच गल्लीतल्या मंडळाविरुद्ध फोन केला आहे त्याला त्याचे मोल कळते. गाडी खाली येऊन थांबते, आवाज दहा मिनिटे खाली येतो, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणी बोलत नाही.

‘अत्यावश्यक भाग’ ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून चालत आली आहे. ती न्यायाधीशाला धर्मशास्त्राचा पंडित बनवते, हा तिच्यावरचा जुना आक्षेप रास्त आहे. ठाण्याच्या प्रकरणात तिची गरजही नव्हती. उद्या एखाद्या पंथाने ध्वनिक्षेपक अत्यावश्यक असल्याचे ग्रंथातून दाखवून दिले, तरी हृदयरोग्याच्या खोलीतला आवाज तेवढाच राहील. ‘आरोग्याच्या अधीन’ या शब्दांवर निकाल उभा राहू शकत होता आणि तो सर्व धर्मांना सारखाच लागला असता.

१० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलले: राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज कोणतेही ठिकाण शांतता क्षेत्र नाही. गणपती तोंडावर होते. राज्य सरकारने न्यायमूर्ती ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप करून प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्याची मागणी केली. ते आधी वर्गही झाले. वकिलांच्या संघटनांनी तीव्र निषेध केल्यावर ओक यांच्यासह तीन न्यायमूर्तींचे पीठ नेमले गेले आणि सरकारने माफी मागितली. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने बदललेल्या नियमाला स्थगिती दिली, ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला.

युक्तिवाद : सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद ‘आधी त्यांचे बंद करा’. त्याला हसून उडवून लावणे चूक आहे, कारण त्याच्या पोटात समानतेची खरी मागणी असते. कायदा एकाच्याच दारात उभा राहतो अशी लोकांची खात्री झाली की तो कोणीच पाळत नाही. पण दोन्हीकडचा आवाज सारखाच कमी करूनही समानता साधते, आणि यंत्राला अजान, आरती व डीजे यांत फरक करता येत नाही, ही त्या यंत्राची मोठीच सोय आहे. ‘वर्षातून एकदाच’ हा दुसरा. पाडवा, रामनवमी, भीमजयंती, हंडी, आगमन सोहळे, विसर्जन, ईद-ए-मिलाद, नवरात्र. प्रत्येकाचे एकदाच, ऐकणाऱ्याचे मात्र सगळेच.

तिसरा युक्तिवाद जड आहे. ज्यांना शतकानुशतके रस्ता आणि पाणवठा नाकारला गेला, त्यांच्यासाठी रस्त्याच्या मध्यातून वाजतगाजत जाणे हा निव्वळ जल्लोष नसतो. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर भीमजयंतीच्या मिरवणुकीला जो अर्थ आला, तो डेसिबलमध्ये मोजता येत नाही. नवी मुंबईच्या गावठाणांतही याची एक तऱ्हा दिसते. १९७० मध्ये नवे शहर वसवणारी सिडको ही सरकारी संस्था आली, आगरी-कोळ्यांच्या शेतजमिनी गेल्या, मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. आता गावदेवीच्या जत्रेत किंवा हळदीच्या रात्री शेजारच्या टॉवरमधून फोन जातो, तेव्हा गावकऱ्याला वाटते की जमीन गेली, आता वाजंत्रीही गेली. त्याचा सल खरा आहे. टॉवरमध्ये परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगीही खरी आहे, आणि कितीदा तरी गावठाणातल्या आजीलाही झोप हवी असते. ती फोन करत नाही, इतकेच.

राजकीय वळण : १२ एप्रिल २०२२ रोजी ठाण्यातील सभेत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी मशिदींवरील भोंगे ३ मेपर्यंत उतरवण्याची मुदत दिली, न उतरल्यास समोर हनुमान चालिसा लावण्याचा इशारा होता. आवाजाला आवाजाने उत्तर देण्यात दोन पक्षांचे समाधान होते आणि तिसऱ्याच्या, म्हणजे झोपलेल्याच्या, कानावर दोन भोंगे येतात. परिणाम ठरवलेल्या दिशेनेच गेले असेही नाही. नियम सर्वांना लागू झाले तसे शिर्डीत पहाटेची काकड आरती ध्वनिक्षेपकाविना झाली, आणि ती पूर्ववत व्हावी अशी विनंती तिथल्या मुस्लिम रहिवाशांनीच केली. हक्कांची भाषा शेजाऱ्याच्या तोंडी किती वेगळी लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहज सापडत नाही.

दहीहंडीचा वाद याला समांतर चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २० फूट उंची आणि १८ वर्षे वय ही बंधने कायम ठेवली. पुढल्याच वर्षी उच्च न्यायालयात उंचीचा निर्णय सरकारवर सोडला गेला आणि वयाची अट १४ वर आली. तिथे प्रश्न संमती देऊ न शकणाऱ्या लहान मुलाचा होता, त्यामुळे तो स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

सद्यःस्थिती : जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ठाण्याच्या निकालाचाच आधार घेतला: ध्वनिक्षेपक धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी. ठाण्यात उत्सवाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक अजून भरते. मंडळांचे अध्यक्ष येतात, मशिदीचे विश्वस्त येतात, नगरसेवक येतात, महापालिकेचे आणि वाहतूक शाखेचे अधिकारी येतात. मिरवणुकीत रुग्णवाहिका आली तर ढोल थांबवून वाट करून द्यायची, हे तिथे सांगावेही लागत नाही. कार्यकर्ते ते आपणहून करतात, हात धरून कडे करतात आणि मिनिटभरात गाडी पार होते. गाडी रुग्णालयात पोचल्यावर आतल्या खाटेवर पडलेल्याचा विषय त्या बैठकीत निघायचा, तर तो काढायला रुग्णालयाच्या माणसाला तिथे खुर्ची असावी लागते.