रनिंग-कॉन्फिग आणि स्टार्टअप-कॉन्फिग: ‘कॉपी’ या शब्दाने घातलेला घोळ

नवा राउटर हातात आला की होस्टनेम, पासवर्ड, वेळ, डीएनएस, लॉग कुठे पाठवायचे अशी सुरुवातीची कामं उरकतात आणि मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘आता बिनधास्त प्रयोग कर. बिघडलंच तर कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग मार, सगळं पहिल्यासारखं होतं.’

नाही होत. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय आणि त्यामुळे झालेला गोंधळ इतक्यांदा निस्तरलाय, की आता एकदा सविस्तर लिहितोच. मी सिस्कोच्या आयओएसबद्दल, म्हणजे त्यांच्या राउटरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल बोलतोय. बाकीच्या राउटरांकडे शेवटी येतो.

आधी माहीत असलेलं उरकून घेऊ. रनिंग-कॉन्फिग म्हणजे राउटर आत्ता ज्यावर चालतोय त्या सेटिंग्ज. ती रॅममध्ये, वीज गेली की गेली. स्टार्टअप-कॉन्फिग म्हणजे सेव्ह केलेल्या, सुरू होताना वाचायच्या सेटिंग्ज. ती एनव्हीरॅममध्ये, वीज गेली तरी टिकते. आयओएसची इमेज फ्लॅशमध्ये असते, तिचा या भानगडीशी संबंध नाही. कॉन्फिग मोडमध्ये, म्हणजे सेटिंग बदलायच्या मोडमध्ये, दिलेली कमांड एंटर दाबताक्षणी लागू होते. होस्टनेम (राउटरचं नाव) बदलून बघा, पुढचा प्रॉम्प्टच, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीची सुरुवातच, नव्या नावाने येते. ती टिकवायची तर सेव्ह करावी लागते. इथपर्यंत कुणी अडखळत नाही.

अडखळायला होतं ते शिकवणीतल्या त्या आकृतीमुळे. डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक चौकोन, मध्ये दोन बाण: एक जाणारा, एक येणारा. ती आकृती बघितली की वाटतं, दोन्हीकडे सारख्याच दोन फायली आहेत आणि कॉपी म्हणजे एकीवर दुसरी चढवायची. ही आकृती शिकवणं थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. कारण रनिंग-कॉन्फिग ही फाइल नाहीच.

‘शो रनिंग-कॉन्फिग’ दिल्यावर सगळ्यात आधी काय उमटतं ते आठवा: ‘बिल्डिंग कॉन्फिगरेशन’. मग क्षणभर थांबून मजकूर यायला लागतो. मोठं कॉन्फिग असेल तर हा थांबा चांगला जाणवतो. ती ओळ अगदी खरं बोलते. राउटर त्या वेळी कुठली फाइल उघडून दाखवत नसतो. आपली आत्ताची अवस्था काय आहे, कुठला इंटरफेस (जोडणीचं पोर्ट) चालू, कुठला पत्ता कुठे लावलाय, कोणकोण युजर आहेत, हे सगळं तपासून तो त्याचा मजकूर तिथल्या तिथे तयार करत असतो. म्हणजे आपण वाचतो ते राउटरच्या अवस्थेचं वर्णन. सिस्कोने तिला ‘सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग’ असं फाइलसारखं नाव दिलंय खरं, आणि भूल पडते ती तिथेच.

स्टार्टअप-कॉन्फिग मात्र साधी मजकुराची फाइल आहे, कमांडच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली. राउटर सुरू होताना ती वाचतो आणि एकेक ओळ अशी अमलात आणतो, जणू कुणीतरी कन्सोलवर बसून कॉन्फिग मोडमध्ये ती टाइप करतंय. त्या वेळी राउटर कोरा असतो. कोऱ्या राउटरवर त्या ओळी चालवल्या की जे तयार होतं, ते तुमचं कॉन्फिगरेशन.

आता दोन्ही बाणांकडे परत बघा. रनिंगवरून स्टार्टअपकडे कॉपी करताना अवस्थेचं वर्णन लिहून काढलं जातं आणि एनव्हीरॅममधली जुनी फाइल पुसून तिथे नवी ठेवली जाते. हे खरंखुरं बदलणं. उलट दिशेने, स्टार्टअपवरून रनिंगकडे, पुसायला फाइलच नसते. त्या ओळी चालत्या राउटरवर पुन्हा एकदा टाइप केल्या जातात, एवढंच घडतं. आणि चालता राउटर कोरा नसतो. इंग्रजीत याला ‘मर्ज’ म्हणतात. आपण ‘मिसळणं’ म्हणू.

एक उदाहरण घेऊ. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये होस्टनेम ‘शाखा-१’ आहे आणि एनटीपी सर्व्हर (ज्याच्याकडून राउटर अचूक वेळ घेतो तो) १९२.०.२.१०. तुम्ही चालत्या राउटरवर होस्टनेम ‘शाखा-२’ केलं, १९२.०.२.२० हा आणखी एक एनटीपी सर्व्हर जोडला, आणि चाचणीसाठी ‘तात्पुरता’ नावाचा युजर केला, प्रिव्हिलेज १५ म्हणजे पूर्ण अधिकार देऊन. सेव्ह काही केलं नाही. मग वाटलं की नको, आणि ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’ दिली. प्रॉम्प्ट पुन्हा ‘शाखा-१’ झाला. बघणाऱ्याचं समाधान झालं, आलं सगळं परत.

पण ‘शो रनिंग-कॉन्फिग’ बघा. एनटीपी सर्व्हर दोन्ही आहेत. आणि ‘तात्पुरता’ हा युजर पूर्ण अधिकारांसह जागच्या जागी आहे. तो राहिला कारण फाइलमध्ये त्याच्याविषयी एक अक्षरही नाही. फाइलमध्ये जे लिहिलेलं नसतं, ते काढून टाकायला सांगणारं कुणीच नसतं. एखादी गोष्ट काढायची तर तिच्यापुढे ‘नो’ लावून कमांड द्यावी लागते, आणि सेव्ह केलेल्या फाइलला तुम्ही नंतर काय काय जोडणार हे आधी कसं कळणार?

यातून हिशेब सोपा होतो. ज्या सेटिंगला एका वेळी एकच किंमत असते (होस्टनेम, बॅनर, इनेबल सिक्रेट म्हणजे पूर्ण अधिकारांचा पासवर्ड, इंटरफेसचा मुख्य आयपी पत्ता) तिथे फाइलमधली ओळ जुनी किंमत परत आणते, अर्थात ती ओळ फाइलमध्ये असेल तर. ज्या सेटिंगची यादी असते (एनटीपी सर्व्हर, नेम-सर्व्हर, लॉगिंग होस्ट, युजर, स्टॅटिक राउट म्हणजे हाताने लिहिलेले मार्ग) तिथे यादी फक्त वाढते. लोक फसतात कारण प्रॉम्प्टमधलं होस्टनेम सगळ्यात आधी नजरेस पडतं, आणि नेमकं तेच पहिल्या गटातलं आहे.

याच मिसळण्याचा दुसरा चेहरा पासवर्ड विसरल्यावर दिसतो, आणि तो अधिक छळतो. कॉन्फिग रजिस्टर (राउटरने कसं सुरू व्हायचं हे ठरवणारा आकडा) हेक्साडेसिमल २१०२ वरून २१४२ केलं की राउटर सुरू होताना स्टार्टअप-कॉन्फिगकडे दुर्लक्ष करतो. पासवर्डाशिवाय आत जाता येतं. मग स्टार्टअप रनिंगमध्ये कॉपी करायची, नवा पासवर्ड द्यायचा, रजिस्टर पुन्हा २१०२ करायचं आणि सेव्ह करायचं. सगळं नीट केलं, आयपी पत्ते दिसताहेत, राउट दिसताहेत, आणि एकही इंटरफेस चालू नाही. मग केबल काढून घाला, समोरचा स्विच तपासा, असा तास जातो.

कारण पुन्हा तेच. फाइल न वाचताच उठलेल्या राउटरचे इंटरफेस ‘शटडाउन’ अवस्थेत असतात. तुमच्या फाइलमध्ये चालू इंटरफेसखाली ‘नो शटडाउन’ ही ओळ लिहिलेलीच नसते, कारण चालू इंटरफेससाठी आयओएस ती छापत नाही. चालू इंटरफेसखाली काहीच नसतं, बंद असेल तरच ‘शटडाउन’ लिहिलं जातं. म्हणून फाइल मिसळली तेव्हा पत्ते आले, पण आधीचं ‘शटडाउन’ उठवणारी ओळ आलीच नाही. प्रत्येक इंटरफेसवर जाऊन ‘नो शटडाउन’ हाताने द्यावं लागतं. ते न देता सेव्ह केलं, तर आता फाइलमध्येही ‘शटडाउन’ लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी राउटर बंद इंटरफेस घेऊनच उठतो.

याच टप्प्यावर दिशा उलटी झाली तर नुकसान भरून येत नाही. २१४२ वर उठलेल्या कोऱ्या राउटरवर कुणी सवयीने ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ दिली, की कोरी अवस्था एनव्हीरॅममधल्या पूर्ण कॉन्फिगवर लिहिली जाते. बाहेर कुठे प्रत ठेवलेली नसेल तर सगळं नव्याने. राउटर विचारतो, ‘डेस्टिनेशन फाइलनेम’, आणि चौकटी कंसात नाव दाखवतो. तिथे नजर न टाकता एंटर दाबणं ही फार वाईट सवय आहे. त्या कंसातलं नाव हीच थांबायची शेवटची जागा.

म्हणूनच रोजच्या सेव्हसाठी मी ‘राइट मेमरी’ वापरतो आणि इतरांनाही तेच सांगतो. ही जुनी कमांड आहे, ‘कॉपी’वाली लांब कमांड अधिक शुद्ध मानतात, पण ‘राइट मेमरी’ला दिशाच नाही. जी कमांड उलटी देताच येत नाही, ती रात्री दोन वाजता देणं जास्त सुरक्षित. २१४२ वर उठलेल्या राउटरवर मात्र तीही तेवढीच घातक, हे लक्षात असू द्या.

मग खरोखर मागे जायचं असेल तर काय करायचं? दोनच मार्ग मला मान्य आहेत. राउटर थोडा वेळ बंद राहिलेला चालत असेल तर ‘रीलोड’, म्हणजे रीस्टार्ट. तेव्हा तो कोरा होऊन फाइल वाचतो, त्यामुळे मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त रीलोडच्या आधी तो विचारतो की कॉन्फिगरेशन बदललंय, सेव्ह करू का? इथे ‘नो’ म्हणायचं. ‘येस’ म्हणालात की जे टाकून द्यायचं होतं तेच जपून ठेवलंत. ‘राइट इरेज’ देऊन राउटर कोरा करणारेही इथेच चुकतात. इरेजने फक्त फाइल जाते, चालती अवस्था तशीच असते. मग रीलोडच्या प्रश्नाला ‘येस’ दिलं की पुसलेली फाइल पुन्हा लिहिली जाते आणि माणूस म्हणतो, इरेज चालतच नाही.

राउटर बंद करणं शक्य नसेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस एनव्हीरॅम:स्टार्टअप-कॉन्फिग’. ही कमांड आधी फाइल आणि चालती अवस्था यांतला फरक काढते आणि जे जास्तीचं आहे त्याला स्वतःहून ‘नो’ लावते. मगाचचा ‘तात्पुरता’ युजर हिने जातो. शेवटी ‘लिस्ट’ जोडलं तर कुठल्या ओळी लागू केल्या तेही दिसतं. फार जुन्या आयओएसमध्ये ती नाही, तिथे रीलोडच. आणि नुसता फरक बघायचा असेल तर ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’च्या पुढे दोन्ही नावं द्या, अधिक-उणे चिन्हांसह यादी येते. मी सेव्ह करण्याआधी ती दर वेळी वाचतो.

दूरच्या राउटरवर काम असेल तर बदल सुरू करण्याआधीच ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवा. स्वतःलाच बाहेर ठेवणारी ॲक्सेस-लिस्ट (कुणाला येऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याचे नियम) लावली गेली, तर दहा मिनिटांनी राउटर उठतो तो जुन्या फाइलवर. सगळं ठीक असेल तर आधी ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. ही सोय टिकते ती मधल्या काळात सेव्ह न केल्यामुळेच.

एक गोष्ट रनिंग आणि स्टार्टअप या दोन्हींत नसते, तिचा उल्लेख करून ठेवतो: घड्याळ. ‘क्लॉक टाइमझोन’ कॉन्फिगमध्ये जाते, ‘क्लॉक सेट’ जात नाही. ती कॉन्फिग मोडची कमांडच नाही. बॅटरीवरचं घड्याळ नसलेले जुने राउटर रीलोडनंतर १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात, आणि लॉगमध्ये वेळेच्या आकड्यांपुढे चांदणी (*) दिसते, म्हणजे ही वेळ भरवशाची नाही. एनटीपी लावा आणि हाताने वेळ भरणं सोडा.

आता बाकीचे. जुनिपरच्या जुनॉसमध्ये तुम्ही बदलता ती कॅन्डिडेट कॉन्फिग, ‘कमिट’ म्हणेपर्यंत राउटरवर काहीच लागू होत नाही. ‘रोलबॅक’ने कॅन्डिडेटच्या जागी आधीची कॉन्फिग पूर्णच्या पूर्ण येते, मिसळत नाही, आणि पुन्हा कमिट केलं की लागू होते. मला ही रचना आयओएसपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये कमांड लागू होते आणि तीच साठवलीही जाते, वेगळं सेव्ह नाही. तिथे सांभाळून घेतो तो सेफ मोड, जोडणी तुटली की त्या मोडमध्ये केलेले बदल मागे घेतो. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर आधारलेल्या राउटर-सिस्टिममध्ये प्रकार आयओएसच्या नेमका उलटा. ‘यूसीआय कमिट’ने बदल फ्लॅशमधल्या फायलीत लिहिला जातो, पण संबंधित सर्व्हिस रीलोड करेपर्यंत राउटर जुन्याच पद्धतीने चालतो. आयओएसची सवय असलेला माणूस तिथे कमिट करतो, फरक पडला नाही म्हणून तीच सेटिंग आणखी दोनदा बदलतो, आणि मग राउटर रीस्टार्ट झाल्यावर त्याने शेवटी लिहिलेलं लागू होतं, जे त्याला नकोच होतं.