ग्रेट एस्केप : मोटरसायकल खोटी, माती खरी

'द ग्रेट एस्केप', म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावणीतून भुयार खणून पळालेल्या कैद्यांच्या खऱ्या घटनेवरचा हॉलिवूडचा पिक्चर, म्हटलं की आधी आठवतो तो स्टीव्ह मॅक्वीन, जर्मन मोटरसायकल पळवून काटेरी तारांवरून उडी मारणारा. आणि गंमत म्हणजे जवळपास तीन तासांच्या या पिक्चरमधली सगळ्यात मोठी थाप तीच आहे. त्या रात्री कुणीही मोटरसायकल पळवली नव्हती. मॅक्वीनला गाड्यांचा नाद, म्हणून सीन घातला, गाडीसुद्धा जर्मन नाही, ब्रिटिश ट्रायम्फ आहे, नुसती रंगवून जर्मन केलेली, आणि ती शेवटची उडी मारली बड एकिन्स नावाच्या त्याच्या दोस्ताने. हे सगळं माहीत असूनही मी तो सीन दरवेळी बघतोच, ते सोडा. पण हा पिक्चर दहाव्यांदा बघायला मजा येते ती दुसऱ्याच गोष्टींमुळे, ज्या पहिल्यांदा बघताना कंटाळवाण्या वाटतात. माती कुठे टाकायची, फळ्या कुठून आणायच्या, भुयारात हवा कशी खेळवायची. ते जवळपास सगळं खरं आहे.

जागा होती सागान. तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये, गावाचं नाव आता झागान. बर्लिनपासून आग्नेयेला साधारण १६० किमी. पाडलेल्या विमानांतले जे वैमानिक आणि हवाई दलाचे लोक हाती लागायचे त्यांच्यासाठी जर्मन हवाई दलाने १९४२ मध्ये इथे छावणी सुरू केली, स्टालाग लुफ्ट ३. जागा विचार करून निवडलेली, कारण जमीन रेताड. वरची माती काळपट-करडी आणि खाली खणलं की लख्ख पिवळी वाळू, म्हणजे कुणी मूठभर जरी खालची माती वर सांडली तरी लांबून दिसणार. शिवाय बरॅक जमिनीपासून उचलून बांधलेल्या, खाली वाकून बघितलं की कळावं कुणी खणतंय का. आणि खणण्याचा आवाज टिपायला कुंपणाच्या आसपास जमिनीत मायक्रोफोन पुरलेले.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या, युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा करारानुसार अधिकाऱ्यांना कैदेत काम करायला लावता येत नाही. म्हणजे शेकडो तरुण, शिकलेले, तांत्रिक डोक्याचे लोक एका जागी आणून ठेवले आणि त्यांना दिवसभर काही कामच दिलं नाही! दुसरं काय होणार होतं.

रिचर्ड ॲटनबरोने केलेला 'बिग एक्स', पळण्याची सगळी आखणी करणारा म्होरक्या, म्हणजे खरा रॉजर बुशेल. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पेशाने वकील, स्कीइंगमध्ये तरबेज, १९४० च्या मे महिन्यात त्याचं स्पिटफायर विमान पाडलं गेलं. आधी दोनदा पळालेला. दुसऱ्या वेळी तो प्रागमध्ये एका चेक कुटुंबाकडे लपून राहिला होता, पकडला गेला, आणि त्याला आसरा देणाऱ्या त्या लोकांना पुढे नाझींनी मारून टाकलं. परत पकडला गेलास तर गोळी घालू असं गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला सांगितलेलं. हा माणूस सागानला आला आणि १९४३ च्या वसंतात छावणीचा नवीन भाग, नॉर्थ कंपाउंड, सुरू झाला तेव्हा म्हणाला की एक नाही, तीन भुयारं एकदम खणायची. टॉम, डिक आणि हॅरी. एक सापडलं तर जर्मन लोक खूश होऊन गप्प बसतील असा हिशोब, आणि बाहेर काढायचे दोनशे जण. तोवर पळणं म्हणजे दोघं-तिघांनी मिळून करायची भानगड होती, याने त्याचा कारखाना केला.

आणि खरंच कारखाना. भुयार जमिनीखाली साधारण ९ मीटर, मायक्रोफोनला आवाज जाऊ नये म्हणून एवढं खोल. रुंदी-उंची दोन-दोन फूट फक्त, म्हणजे माणूस पालथा पडूनच पुढे सरकणार. रेती ढासळते म्हणून चारी बाजूंनी लाकूड हवं, ते आलं पलंगाच्या फळ्यांतून. जवळपास ४००० फळ्या गेल्या असं नंतरच्या मोजदादीत निघालं, बरीच मंडळी शेवटी नुसत्या दोरीच्या जाळीवर झोपत होती. रेड क्रॉसच्या पार्सलमधून क्लिम नावाची दुधाची पावडर यायची, तिचे रिकामे डबे दोन्ही टोकं कापून एकाला एक जोडले की झाला हवेचा पाइप, आणि त्यात हवा ढकलायला किटबॅगचा भाता, तो एक जण बसून सतत ओढतोय. रुळांवर चालणारी लाकडी ढकलगाडी. चोरलेल्या वायरीवर विजेचे दिवे. हॅरीचं तोंड होतं १०४ नंबरच्या बरॅकमध्ये, पेटलेल्या शेगडीच्या खाली, कारण पेटलेली शेगडी हलवून बघायचं कुणाच्या डोक्यात येणार!

मातीचं सांगतो. पँटच्या आत दोन्ही पायांना लांब पिशव्या लटकवायच्या, खालचं तोंड पिनेने बंद, पिनेला बांधलेली दोरी वर खिशात. मैदानात हिंडता हिंडता खिशातली दोरी ओढली की वाळू बुटांवरून हळूच खाली, आणि पायाने ती वरच्या मातीत कालवून टाकायची. भरलेल्या पिशव्यांमुळे चाल फेंगडी व्हायची म्हणून या लोकांना नाव पडलं पेंग्विन. पिक्चरमध्ये हे अगदी दिसतं, बागेच्या वाफ्यात, कवायतीत, सगळीकडे. थंडीत मैदानावर बर्फ पडल्यावर मात्र हा मार्ग बंद झाला, मग माती गेली कैद्यांनीच बांधलेल्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांखाली. वर नाटकाची तालीम, खाली हॅरीची वाळू. पिक्चरवाल्यांनी सगळं उन्हाळ्यात दाखवल्यामुळे हे गाळलं, आणि मला वाटतं ते नुकसानच केलं, नाट्यगृहाचा तो एक सीन मोटरसायकलपेक्षा भारी झाला असता.

होकायंत्रांचं काम तर मला सगळ्यात आवडतं. अल हेक नावाचा ऑस्ट्रेलियन होता, तो ग्रामोफोनच्या तुटक्या रेकॉर्डी गरम करून त्याच्या डब्या पाडायचा, रेझर ब्लेडच्या पातळ पट्ट्या चुंबकावर घासून काटे, फुटलेल्या खिडकीच्या काचेचं झाकण. आणि खाली शिक्का काय, तर 'मेड इन स्टालाग लुफ्ट ३'. उद्या पकडलो गेलो तर जीव जाणार आहे आणि हा पठ्ठ्या शिक्का मारत बसलाय.

टॉम सप्टेंबर १९४३ मध्ये सापडलं. डिकचा मग माती भरायला आणि सामान लपवायला उपयोग झाला. हॅरी काही महिने बंद ठेवून जानेवारी १९४४ मध्ये परत उघडलं आणि १०० मीटरच्या वर नेलं. याच्या आधी, १९४३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, अमेरिकन कैद्यांना दुसऱ्या कंपाउंडमध्ये हलवलं होतं, म्हणजे खणण्यात त्यांचा हात होता पण पळण्याच्या रात्री त्यातला एकही अमेरिकन आत नव्हता. पिक्चरमधली ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, बटाट्याची दारू, मॅक्वीन आणि जेम्स गार्नर हे अमेरिकन हिरो, हे सगळं हॉलिवूडचं गणित, तिकडचं तिकीट विकायचं तर तिकडचा हिरो लागतो. खरे भुयारवाले जास्त करून ब्रिटिश, कॅनडियन आणि बाकी राष्ट्रकुलातले, शिवाय पोलिश, चेक, नॉर्वेजियन. चार्ल्स ब्रॉन्सनने केलेला टनेल किंग, म्हणजे भुयार खणणाऱ्यांतला वस्ताद, ज्याच्यावर बराचसा बेतलाय तो वॉली फ्लडी कॅनडाचा, खाणीत काम केलेला, आणि पिक्चरच्या वेळी तांत्रिक सल्लागार म्हणून त्यालाच बोलावलं. ब्रॉन्सन स्वतःही लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला, त्यामुळे भुयारात त्याचं ते घुसमटणं नुसता अभिनय वाटत नाही. आणि खोटे कागद बनवणारा, डोळे जाणारा तो मऊ माणूस, ते काम करणारा नट डोनाल्ड प्लेझन्स तर खरोखर ब्रिटिश हवाई दलात होता आणि विमान पाडलं गेल्यावर जर्मन छावणीत राहिलेला.

ती रात्र २४ मार्च १९४४ ची. अमावस्येची म्हणून निवडलेली. आणि सगळंच बिघडत गेलं. वरचं झाकण थंडीने गोठलेलं, ते निघायलाच तास-दीड तास, आणि निघाल्यावर कळलं की भुयार झाडीपर्यंत पोचलंच नाहीये, काही फूट अलीकडे उघड्यावर, पहाऱ्याच्या मनोऱ्याजवळ. मग दोरी ओढून खूण करायची आणि एकेकाने निघायचं, हे पिक्चरमध्ये आहे तसंच. मध्ये हवाई हल्ल्याचा इशारा झाला आणि वीज गेली, आत रेती ढासळली, उशीर वाढत गेला. जे बाहेर पडले त्यातल्या अनेकांना काळोखात सागान स्टेशनचं दार सापडेना, रात्रीच्या गाड्या चुकल्या. ज्यांना जर्मन येत नव्हतं ते गुडघाभर बर्फातून पायी निघाले. पहाटे पाचच्या सुमाराला पहारेकऱ्याने ७७ व्या माणसाला बघितलं. दोनशेपैकी ७६ गेले होते.

त्यातले तिघे सुटले. दोन नॉर्वेजियन बंदरावर जाऊन जहाजात शिरले आणि स्वीडनला पोचले, एक डच हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स करत स्पेनमार्गे जिब्राल्टरला. उरलेले ७३ पकडले गेले. पळून पकडलेल्या कैद्याला करारानुसार फार तर ३० दिवस कोठडी, पण हिटलर इतका भडकला की म्हणाला सगळ्यांना उडवा. वरच्या अधिकाऱ्यांनी रदबदली करून आकडा ५० वर आणला. पिक्चरमध्ये ट्रक थांबतो, सगळ्यांना माळावर उतरवतात आणि मशीनगन दिसते. प्रत्यक्षात कुठे एकेक, दोन-दोन, कुठे लहान गट करून, वेगवेगळ्या गावांजवळ, रस्त्याकडेला, जरा पाय मोकळे करा म्हणून गाडीतून उतरवून मागून गोळ्या घातल्या. बुशेलला २९ मार्चला सारब्रुकनजवळ, सोबत त्याचा फ्रेंच जोडीदार शायडहाउअर. कागदावर सगळीकडे एकच वाक्य, पळून जाताना मारले गेले.

छावणीत ही बातमी सांगितली तेव्हा कैद्यांचा वरिष्ठ अधिकारी मॅसी, हा पायाने अधू, काठी घेऊन चालणारा, त्याने विचारलं की जखमी किती. उत्तर आलं, एकही नाही. पिक्चरमध्ये हा संवाद जवळजवळ असाच आहे आणि पहिल्यांदा बघताना तो निसटतो. इतके लोक पळताना गोळीबारात मेले आणि जखमी कुणीच नाही? मॅसीला त्या एका प्रश्नात सगळं कळलं होतं. पुढे अस्थींचे कलश छावणीत आले, कैद्यांनी त्यांच्यासाठी दगडी स्मारक बांधलं, ते आजही तिथे आहे. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या पोलिसांनी मारेकऱ्यांना एकेक करून शोधलं, १९४७ मध्ये हॅम्बर्गला खटला चालला आणि १९४८ मध्ये १३ जणांना फाशी झाली.

यातल्याच एका कैद्याने, पॉल ब्रिकहिल या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने, १९५० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यावरून जॉन स्टर्जेसने १९६३ मध्ये म्युनिकजवळ सेट लावून पिक्चर काढला. एल्मर बर्नस्टीनची ती शिट्टी मारत चालावं अशी ट्यून इतकी खुशालचेंडू आहे की पन्नास माणसं मरतात हे विसरायला होतं. यावर लोक टीका करतात, मला ती पटत नाही. ती ट्यून दोन तास हसवत नेते म्हणून शेवटी ट्रक थांबतो तेव्हा पोटात खड्डा पडतो, आणि पिक्चर अर्पण केलाय तोही त्या पन्नासांनाच.

आपल्याकडे याच्याशी जोडून आठवावं असं नाव म्हणजे भारतीय हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर. १९७१ च्या युद्धात १० डिसेंबरला त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. पडलो तर पळून येईन असं त्यांनी युद्धाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. इथे भुयार नाही, भिंत. पलीकडे रस्ता. मिळेल त्या अवजाराने प्लास्टर आणि विटा कोरायच्या, सुईचं होकायंत्र करायचं, युद्धकैद्याला मिळणारा भत्ता साठवायचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये एका वादळी रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले, बसने पेशावर, तिथून जमरूद, आणि मग खैबर खिंडीतून अफगाण सीमेकडे. सीमा चारेक मैलांवर राहिली होती. त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात शेवटचं रेल्वे स्टेशन होतं लंडी खाना, म्हणून त्यांनी तिकडची वाट विचारली, आणि ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं. विचारणाऱ्यांवर संशय आला आणि तिघे पकडले गेले. सागानचं भुयार काही फूट कमी पडलं, इथे नकाशा चाळीस वर्षांनी शिळा निघाला.

पण इथे गोळी घातली गेली नाही. आधीच्या छावणीप्रमुखाला, जो तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांकडे एडीसी, म्हणजे लष्करी सहायक, होता, फोन लावा असा परुळकरांनी आग्रह धरला आणि त्याने हे आमचेच कैदी आहेत म्हणून सांगितलं. कोठडीची शिक्षा झाली, आणि १ डिसेंबर १९७२ ला बाकीच्या वैमानिकांबरोबर ते वाघा सीमेवरून परत आले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.