पॉमेरेनियनचा खोकला आणि चपटी होणारी श्वासनळी

पॉमेरेनियन पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: "याच्या घशात काहीतरी अडकलंय!" दारावरची बेल वाजते, कुत्रा भुंकत सुटतो, गरागरा फिरतो आणि मध्येच थांबतो. मान पुढे ताणतो, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढतो आणि बदक ओरडावं तसा कोरडा, कर्कश खोकतो. शेवटी थोडा फेस पडतो. मग कुणी तोंडात बोट घालून हाड शोधतं, कुणी हळद-मध चाटवतं, कुणी मुलांचं कफ सिरप पाजतं. हे शेवटचं तर कधीच करू नका. माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांतले काही घटक कुत्र्यांना विषारी ठरतात.

टॉय, म्हणजे अगदी लहान चणीच्या जातींमध्ये असा खोकला येण्यामागे पुष्कळदा श्वासनळीच दोषी असते. कुत्र्याच्या श्वासनळीत कूर्चेच्या, म्हणजे लवचिक, मऊ हाडासारख्या भागाच्या ३५ ते ४५ कड्या असतात. त्या पूर्ण गोल नसतात. पाठीच्या बाजूला उघड्या असतात आणि ती फट स्नायूच्या पातळ पडद्याने बंद केलेली असते. नळी उघडी राहते ती या कड्यांच्या ताठपणामुळे, आणि तो ताठपणा येतो पाण्यामुळे. कूर्चेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारखे ऋणभारित, लांबलचक रेणू असतात. ते सोडियमचे आयन ओढून धरतात, आयनांमागे परासरणाने पाणी येतं आणि कूर्चा आतून ताणलेली राहते. श्वासनळी चपटी होण्याच्या विकारात कूर्चेतल्या पेशी आणि हे रेणू कमी होतात. पाणी घटतं, कडी मऊ पडते, नळी चपटी होऊ लागते आणि मागचा पडदा आत लोंबतो.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. श्वास घेताना छाती फुगते आणि नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, त्यामुळे मानेतला भाग दबतो. श्वास सोडताना किंवा खोकताना छातीतला दाब वाढतो आणि छातीतला भाग दबतो. म्हणजे एकाच नळीचे दोन भाग आलटून पालटून मिटतात. म्हणूनच एका क्षणी काढलेल्या एक्स-रेत नळी ठणठणीत दिसू शकते आणि डॉक्टर फ्लुरोस्कोपी, म्हणजे हलता एक्स-रे, सुचवतात. शिवाय गोल नळीतून संथ हवा वाहत असेल, तर व्यास निम्मा झाल्यावर रोध १६ पट होतो. धापा टाकताना हवेत भोवरे उठतात, तेव्हा हाल आणखी वाढतात. पडदा घासून सुजतो, सुजेमुळे पुन्हा खोकला येतो.

इथे स्वभावाचा संबंध येतो. पॉमेरेनियनचे पूर्वज उत्तरेकडचे मोठे स्पिट्झ, म्हणजे दाट केसांचे, उभ्या कानांचे कुत्रे. त्यांना नाव मिळालं ते बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियाचं, जो आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्समधून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला आणि लहान चणीचं वेड वाढलं. शरीर आटून दीड ते सव्वातीन किलोंवर आलं, राखणदाराची सावधगिरी मात्र तशीच राहिली. तो चलाख आहे, माणसाला चिकटून असतो, जिन्यातल्या पावलांवरही भुंकतो. प्रत्येक उत्तेजनेसरशी श्वास जोरात ओढला जातो आणि मऊ नळीवर ताण येतो. रागावून हे थांबत नाही, उलट वाढतं. बेल वाजल्यावर जागेवर बसलं की खाऊ मिळतो, ही सवय पिल्लूपणापासून लावली तर खोकल्याचे झटकेही कमी होतात.

आपल्याकडे 'पॉमेरियन' म्हणून घरोघर वाढलेला पांढरा, लांब तोंडाचा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो वजनाने जास्त, आणि आपल्या उन्हाळ्याला बराच सरावलेला. 'टी-कप पॉम' ही तर जातच नाही. सर्वांत लहान पिल्लं निवडून जास्त किमतीला विकण्याची ती युक्ती आहे, आणि अशा पिल्लांची साखर एखादं जेवण चुकलं तरी धोकादायक खाली जाऊ शकते. गुडघ्याची वाटी सरकणं आणि इवल्या जबड्यात ४२ दातांची गर्दी होणं, या तक्रारीही लहान चणीबरोबर येतात.

दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा आणि घुंगरू बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तो दोरा आजच काढा. दृष्टीने काहीही होत नाही, मानेवरच्या दाबाने मात्र नक्की होतं. फिरवताना गळ्यातला पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस वापरा. वजन उतरवलं की बऱ्याच कुत्र्यांना औषधाआधीच आराम पडतो. मे महिन्यात दुपारी बाहेर नेऊ नका, घरात उदबत्तीचा आणि सिगारेटचा धूर टाळा. औषधांनी भागलं नाही तर नळीत निटिनॉल या लवचिक मिश्रधातूच्या जाळीचा स्टेंट, म्हणजे नळी उघडी धरणारा आधार, बसवता येतो, पण तो शेवटचा उपाय. जाळी कधी कधी तुटतेही.

वय वाढलेल्या लहान कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळू लागते, डावा वरचा कप्पा फुगतो आणि तेव्हाही खोकला येतो. म्हणून म्हाताऱ्या पॉमेरेनियनचा खोकला घरी नुसत्या आवाजावरून ठरवू नका. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवा आणि हृदयही तपासून घ्या.